इंग्रजीत ‘अँड’, ‘बट’च्या आधी स्वल्पविराम : या चुका टाळा

‘बट’ लिहिलं की आपला हात आपोआप स्वल्पविराम देतो. सवय मराठीची आहे: ‘तिने पत्र वाचलं, पण उत्तर दिलं नाही.’ इंग्रजीत मात्र ‘शी रेड द लेटर बट डिड नॉट रिप्लाय’ यात स्वल्पविराम नको. ‘बट’पुढे नवा कर्ता नाही, एकाच ‘शी’ची दोन क्रियापदं आहेत. ‘बट शी डिड नॉट रिप्लाय’ असं लिहिलंत, तर तो द्यायलाच हवा.

शंका आली की जोडणाऱ्या शब्दावर बोट ठेवा आणि दोन्हीकडचे भाग वेगवेगळे वाचा. दोन्ही पूर्ण वाक्यं असतील तरच शब्दाच्या आधी स्वल्पविराम. वाक्यं अगदी तोकडी असतील तर गाळला तरी चालतो. ही कसोटी फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो या सात शब्दांपुरतीच. ‘हाउएव्हर’ त्यांत बसत नाही. दोन वाक्यांमध्ये तो आला, तर आधी अर्धविराम किंवा पूर्णविराम लागतो.

‘सो’ जरा जपून वापरा. ‘म्हणून’ या अर्थी स्वल्पविराम द्या, ‘सो दॅट’ म्हणजे ‘यासाठी की’ असेल तर देऊ नका.

सर्वांत घातक चूक ‘बिकॉज’ची. एरवी त्याच्या आधी स्वल्पविराम नसतो, पण वाक्य नकारार्थी असलं की घोटाळा होतो. ‘आय डिड नॉट लीव्ह बिकॉज आय वॉज टायर्ड’ याचे दोन अर्थ निघतात: थकलो होतो म्हणून निघालो नाही; किंवा निघालो खरा, पण थकलो म्हणून नव्हे. पहिला अर्थ हवा असेल तर ‘लीव्ह’नंतर स्वल्पविराम द्या. दुसरा हवा असेल तर वाक्यच बदला, वाचकाला कोड्यात टाकू नका. ‘बिकॉज’चा भाग वाक्याच्या सुरुवातीला आला, तर स्वल्पविराम तो भाग संपल्यावर येतो.

यादीतल्या शेवटच्या ‘अँड’ किंवा ‘ऑर’आधीचा स्वल्पविराम ऐच्छिक आहे, लेखभर एकच पद्धत ठेवा. मात्र अर्थ डळमळत असेल तिथे द्याच. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या ओव्हरटाइम कायद्यातल्या यादीत ‘ऑर’आधी तो नव्हता. त्यावरून डेअरीच्या ड्रायव्हरांनी दावा लढवला आणि २०१७ साली अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला.

‘तो म्हणाला, की’ या मराठी वळणाने ‘ही सेड’नंतर स्वल्पविराम देऊन ‘दॅट’ लिहू नका. ‘बट’च्या लगेच नंतरही तो नको, वाक्यात मध्येच घातलेला शब्दसमूह तिथे असेल तरच चालेल.