किलमार्टिनची एका दिवसाची पायवाट, आणि कातळावरची वर्तुळं दिसायची कशी

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, ओबनपासून दक्षिणेकडे साधारण ४७ किलोमीटरवर किलमार्टिन नावाचं खेडं आहे. गाव दहा मिनिटांत पायाखालून जातं. पण त्याच्या आसपासच्या दहा किलोमीटरांत ८०० हून जास्त प्राचीन अवशेष आहेत, आणि त्यातले दीडशे इतिहासपूर्व काळातले. बरेच लोक ओबनला जाता जाता इथे तासभर थांबतात, चार उभ्या शिळांचे फोटो काढतात आणि 'एवढं काय त्यात' म्हणत गाडीत बसतात. ते येतात भर दुपारी, आणि इथली सगळ्यात खास गोष्ट म्हणजे कातळात कोरलेली वर्तुळं भर दुपारी दिसत नाहीत. त्यामुळे दिवस आखायचा तो सूर्याच्या हिशेबाने. 'दुपारी निवांत या' हा सल्ला जिथे वाचाल, तिथे पुढचं वाचायची गरज नाही.

सामान

बूट आणि रेनकोटबद्दल सांगत बसत नाही. तीन गोष्टी मात्र लोक हमखास विसरतात: अरुंद झोताचा चांगला टॉर्च, काळी छत्री (पावसासाठी नाही, ते पुढे येईल) आणि ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश सरकारी नकाशासंस्थेचा 'एक्सप्लोरर ३५८' हा १:२५,००० नकाशा. या नकाशात प्राचीन जागांची नावं जुन्या वळणाच्या गॉथिक अक्षरांत छापलेली असतात. ती अक्षरं ओळखता आली की कुठल्या शेतात काय दडलंय ते आपोआप कळतं. दरीत मोबाइलची रेंज येते-जाते, म्हणून फोनमधल्या नकाशावर विसंबू नका.

नावं वाचताना एक लक्षात ठेवा. इथल्या जुन्या गेलिक भाषेत 'म' किंवा 'ब'च्या पुढे 'ह' आला की उच्चार 'व' होतो. त्यामुळे पाटीवरचं 'मॉइन म्होर' बोलताना 'मॉइन व्होर' होतं. अर्थ आहे मोठी दलदल, आणि ती नावाप्रमाणेच आहे.

१. गाव आणि चर्चचं आवार

चर्चच्या आवारातल्या मध्ययुगीन कोरीव थडगेशिळा आधी बघा. तलवारी, वेलबुट्टी, चिलखतातले योद्धे असं सगळं त्यांच्यावर आहे. शेजारचं संग्रहालय नूतनीकरणानंतर २०२३ मध्ये पुन्हा उघडलं. तिथे तासभर घालवा, पण हिवाळ्यात येत असाल तर उघडण्याच्या वेळा आधी बघून घ्या.

२. केर्नची रांग

केर्न म्हणजे दफनावर रचलेली दगडांची रास. गावाच्या पायथ्याच्या ग्लीब केर्नपासून दक्षिणेकडे अशा राशी एका ओळीत आहेत: नेदर लार्गी नॉर्थ, मिड, साउथ, आणि शेवटी री क्रुइन. टेम्पल वुडसकट जाऊन-येऊन साधारण पाच किलोमीटर, सगळी सपाटी. वाट चुकणं अवघड आहे.

तीन ठिकाणी रेंगाळा. नेदर लार्गी नॉर्थच्या माथ्यावर सरकवायची झडप आहे. ती उघडून आत उतरा. खालच्या झाकणशिळेवर कुऱ्हाडीच्या पात्यांच्या आकृत्या आणि वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. वरची रास १९३० च्या उत्खननानंतर पुन्हा रचलेली आहे, तेव्हा तिचं फार कौतुक नको. खरा ऐवज खाली आहे. बाहेर आल्यावर झडप परत लावा. ती उघडी राहिली की पाऊस थेट आत जातो. नेदर लार्गी साउथ ही या रांगेतली सगळ्यात जुनी, नवाश्मयुगातली. तिच्या दगडी दालनात वाकून शिरता येतं.

तिसरी जागा टेम्पल वुड. नावातल्या 'टेम्पल'वर जाऊ नका. ते नाव एकोणिसाव्या शतकातल्या हौशी मंडळींनी दिलेलं आहे. इथे दोन शिलावर्तुळं आहेत. मोठ्या वर्तुळात मुळात २२ शिळा होत्या, आता १३ उभ्या आहेत. उत्तर बाजूच्या एका शिळेवर तळाशी, दोन बाजूंवर पसरलेली जोडसर्पिलाकृती आहे. बहुतेकजण डोळ्यांच्या उंचीवर शोधतात आणि हात हलवत परत जातात. गुडघे टेका.

इथल्या कुरणांतून चालायचा हक्क २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने सगळ्यांना आहे, पण तो जबाबदारीने वागण्याच्या अटीवर. फाटक जसं असेल तसंच ठेवायचं. एप्रिल-मेमध्ये मेंढ्या व्यायलेल्या असतात तेव्हा कुत्रा साखळीवर. वासरं असलेल्या गायींच्या मधून जायचं नाही, कुंपणाच्या कडेने वळसा घ्यायचा.

३. कातळावरची वर्तुळं

खरी मेख इथे आहे.

या भागातल्या कोरीवकामाला कप-अँड-रिंग म्हणतात. मधे वाटीएवढा खळगा, त्याभोवती एकात एक कडी, आणि कधी खळग्यातून निघून कड्या कापत उताराकडे जाणारी एक चर. लॉकगिलपहेड गावाजवळच्या अख्नाब्रेकला असे मोठे कातळ आहेत, आणि तिथली काही कडी जवळजवळ मीटरभर रुंद आहेत. गावापासून दोनेक किलोमीटरवर बालुआख्रेगला छोटा पण सोपा कातळ आहे. सुरुवात तिथून करा.

आता गणित बघा. कड्याची खोबण फार तर पाच मिलिमीटर खोल धरा. सूर्य ५० अंश वर असेल तर त्या खोबणीच्या काठाची सावली पडते जेमतेम चार मिलिमीटर. सूर्य १० अंशांवर आला की तीच सावली २८ मिलिमीटर होते, म्हणजे सगळी खोबण काळी भरते. कातळ तोच, माणूस तोच. दुपारी राखाडी दगड दिसतो आणि संध्याकाळी त्याच दगडावर पाण्यात खडा टाकल्यासारखी वलयं उमटतात.

किलमार्टिन ५६ अंश उत्तरेला आहे. जूनमध्ये दुपारी सूर्य ५७ अंशांवर चढतो आणि कातळ कोरा वाटतो. संध्याकाळी आठला तो सुमारे १४ अंशांवर येतो, नऊला सातच्या आसपास. तेव्हा जूनमध्ये कातळासाठी वेळ ठेवायची ती साडेसात ते नऊ. पश्चिमेला झाडं किंवा टेकडी असेल तर आणखी तासभर आधी पोचा. याउलट नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सूर्य भर दुपारीही २० अंशांच्या वर जात नाही. म्हणजे ऊन असेल तर दिवसभर हवा तसा तिरपा प्रकाश. गवत आणि नेचे वाळून बसलेले, मिज या चावऱ्या किड्यांचं नाव नाही. माझं ठाम मत: कातळांसाठी यायचं तर नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी. डिसेंबरही चालेल, पण दिवस सातच तासांचा असतो आणि पावणेचारला सूर्य मावळतो.

आणि ढग असतील तर? आर्गाइलमध्ये, म्हणजे या भागात, ते असतातच. मग टॉर्च. पण टॉर्च छातीशी धरून वरून प्रकाश टाकलात तर काही उपयोग नाही, तुम्ही पुन्हा दुपारच करून ठेवली. टॉर्च जमिनीलगत, कातळाच्या कडेला, हातभर अंतरावर आडवा धरायचा, म्हणजे झोत दगडावरून घासत जाईल. दिवसाउजेडी आकाशाचा उजेड टॉर्चवर मात करतो, म्हणून ती काळी छत्री. जो भाग बघायचाय त्यावर छत्री धरून अंधार करा आणि मगच झोत टाका. दोघं असाल तर एकाने छत्री, दुसऱ्याने टॉर्च. एकट्याने जमत नाही असं नाही, पण मान अवघडते. छत्री नसेल तर सूर्यास्तानंतर अर्धा तास थांबा.

इथे सगळेजण एक चूक करतात: टॉर्च एकाच बाजूला धरून ठेवतात. जी खोबण झोताला समांतर जाते तिची सावली पडतच नाही. त्यामुळे कडी अर्धवट दिसतात, आणि लोक घरी येऊन 'अपूर्ण वर्तुळं' आहेत असं लिहितात. टॉर्च कातळाभोवती फिरवा. उत्तरेकडून, पूर्वेकडून, दक्षिणेकडून, पश्चिमेकडून. कॅमेरा तिवईवर स्थिर ठेवून चारही बाजूंनी एकेक फोटो घ्या आणि मग चारही एकत्र बघा.

पाऊस नुकताच थांबला असेल तर आणखी एक सोय होते. खळग्यांत पाणी साठतं आणि उजेडाकडे तोंड करून बघितलं की ते चकाकतं. ही सोय निसर्गानेच केली तर ठीक, तुम्ही बाटली ओतत बसू नका.

माणसाने कोरलेलं कुठलं आणि नैसर्गिक कुठलं? एकाच दिशेने जाणारे लांब, समांतर ओरखडे हे हिमनदीचं काम. वेडेवाकडे, कडा धारदार असलेले खड्डे हे झिजेचं. कोरलेला खळगा गोल असतो, त्याच्या कडा मऊ असतात आणि तो सहसा शेजारच्या खळग्यांशी काही नातं सांगतो. शंका असेल तर नैसर्गिक समजा.

आता जे करायचं नाही ते. खडूने खोबणी भरायच्या नाहीत. जुन्या छायाचित्रांत तसं दिसतं म्हणून ते योग्य ठरत नाही. खडू भरणारा स्वतःचा अंदाज दगडावर काढून ठेवतो, आणि पुढचे सगळे तोच अंदाज बघत राहतात. शेवाळ खरवडायचं नाही, त्याच्याबरोबर दगडाची पापुद्र्यासारखी वरची साल निघते. कातळावर चढायचं नाही, मोजेच घातलेत म्हणूनही नाही. हे सगळे संरक्षित अवशेष आहेत. १९७९ च्या कायद्याखाली त्यांना इजा करणं हा गुन्हा आहे आणि परवानगीशिवाय तिथे मेटल डिटेक्टर फिरवणंही.

तिरप्या टॉर्चची ताकद किती, याचा दाखला बालुआख्रेगच्या शेजारीच आहे. डनख्रेगेग केर्नचं उत्खनन १८६० च्या दशकात झालं. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षं माणसं तिथे येत-जात होती. एका संध्याकाळी कुणीतरी तिथल्या दफनाच्या दगडी पेटीत टॉर्च घेऊन डोकावलं, आणि झाकणशिळेच्या खालच्या बाजूला फांद्याफांद्यांच्या शिंगांचे दोन नर हरीण उमटले. शोध २०२१ मध्ये जाहीर झाला. स्कॉटलंडमधली ही ज्ञात असलेली सगळ्यात जुनी प्राण्यांची कोरीव चित्रं आहेत, वय चार ते पाच हजार वर्षं. पेटीपाशी जाळी किंवा पाटी असेल तर ती पाळा, बाहेरून वाकून बघा.

नागपूरकडच्या वाचकांना हे खळगे ओळखीचे वाटतील. जुनापाणीच्या शिलावर्तुळांतल्या दगडांवरही असेच खळगे आहेत. एकोणिसाव्या शतकात तिथे उकरणाऱ्या रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्यांची तुलना युरोपातल्या अशा खुणांशी केली होती. साम्य आहे, पण त्यावरून लगेच एकच लोक, एकच पंथ असे इमले बांधू नका. जुनापाणीची वर्तुळं लोहयुगातली आहेत, आणि इथले खळगे त्यांच्या आधी हजारो वर्षं. तिरपा प्रकाश मात्र तिथेही तितकाच कामाला येतो.

४. डनॅड

दाल रिआटा या जुन्या गेलिक राज्याचा हा गड. उंची जेमतेम ५४ मीटर, पण सपाट दलदलीतून एकदम वर आलेला. ७३६ साली शेजारच्या पिक्ट लोकांचा राजा ओएंगस याने तो घेतला. माथ्याजवळ दगडात कोरलेलं पाऊल आहे. तुम्ही ज्यात पाय ठेवता ती प्रतिकृती, मूळ दगड तिच्याखाली सुरक्षित आहे. जवळच रानडुकराची आकृती आहे, तिलाही तिरपाच प्रकाश लागतो. ओल्या दिवशी उतरताना घाई नको, खडक साबणासारखा होतो.

गावातून इथे ए-८१६ रस्त्याने चालत येऊ नका. कडेला पदपथ नाही आणि गाड्या सुसाट येतात. गाडीने किंवा बसने फाट्यापर्यंत या, तिथून शेतरस्ता. दलदलीतून 'सरळ रेषेत' जायचा मोह तर अजिबात नको. मध्ये चर खणलेले आहेत, ते गवताखाली झाकलेले असतात, आणि ॲड नदी आडवी येते.

५. उरलेला वेळ

उत्तरेला दोनेक किलोमीटरवर कार्नासरीचा पडका किल्ला आहे. जॉन कार्सवेल या बिशपने तो बांधला. गेलिकमधलं पहिलं छापील पुस्तक, १५६७ चं, त्याच्याच हातचं भाषांतर. दक्षिणेला क्रिनन कालवा, १८०१ पासून सुरू. काठची वाट लहान मुलांनाही जमेल.

मिज हे चावरे बारीक किडे मे ते सप्टेंबर असतात आणि नेमके त्या वारा नसलेल्या, सोनेरी उन्हाच्या संध्याकाळी तुटून पडतात, जेव्हा तुम्हाला कातळ बघायचे असतात. डोक्यावरची जाळी घ्या, नुसत्या मलमाने भागत नाही. वारा थोडा जोरात असेल तर ते उडत नाहीत. परतल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेशी गोचिडी तपासा. नेच्यांतून चालला असाल तर नक्कीच. त्यांच्यापासून लाइम आजार होऊ शकतो. गोचीड बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, पिळू नका.

आणि रात्री फोटो बघताना खळग्यांच्या जागी फुगीर गोळे दिसू लागले तर घाबरू नका. प्रकाश वरून येतो असं आपला मेंदू धरून चालतो, आणि तुमचा टॉर्च खालच्या बाजूला होता. फोटो उलटा फिरवा, गोळे पुन्हा खळगे होतील.