कंट्रोलरचं रेडिएशन: लॅबला पाठवण्याआधी

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीसाठीचा कंट्रोलर लॅबच्या चाचणीआधी तपासताना १६८ मेगाहर्ट्झला मर्यादेबाहेर जात होता, म्हणजे त्यातून बाहेर पडणारा रेडिओ गोंगाट परवानगीपेक्षा जास्त होता. आधी तो बंद ठेवून स्पेक्ट्रम अॅनालायझरवर (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल आहे ते दाखवणारं यंत्र) आसपासच्या सिग्नलची नोंद घेतली, आरबीडब्ल्यू (एका वेळी मोजला जाणारा फ्रिक्वेन्सीचा पट्टा) १२० किलोहर्ट्झ. नाहीतर कोल्हापुरातल्या एफएम स्टेशनांचे ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमधले पीक आपलेच वाटतात.

१६८ म्हणजे २४ मेगाहर्ट्झ क्रिस्टलची (बोर्डाला क्लॉक देणारा भाग) सातवी हार्मोनिक, म्हणजे सातपट फ्रिक्वेन्सी. तरी बोर्डावर प्रोब फिरवण्याआधी केबल तपासाव्यात. करंट क्लॅम्प (केबलभोवती बसवून करंट मोजणारा चिमटा) लावताच सेन्सर केबलवर कॉमन-मोड करंट दिसला, म्हणजे सगळ्या तारांतून एकाच दिशेने जाणारा, केबलची अँटेना करणारा करंट. मीटरभर केबलवर १५ मायक्रोअँपियरसुद्धा क्लास ए (औद्योगिक उपकरणांची मर्यादा) ओलांडायला पुरतात! शील्ड (केबलवरचं धातूचं आवरण) लांब वायर काढून जोडलेली होती. तिथेच खरा दोष. मेटल ग्लँड (केबल बॉडीत शिरते तिथला धातूचा पकड-नट) बसवून शील्ड चहूबाजूंनी बॉडीला टेकवली, ग्लँडखालचा पेंट खरवडला. क्लॉक लाइनवर क्रिस्टलच्या बाजूला नव्हे, क्लॉक बाहेर पडणाऱ्या पिनजवळ ३३ ओहमचा रेझिस्टर टाकला. पीक खाली आला. लॅबसाठी मर्यादेच्या खाली किमान ६ डीबी (डेसिबल) मार्जिन ठेवावं.