नदीतल्या गाळाचा आकडा कितपत खरा, हे कसं तपासायचं

खानापूरला मलप्रभेत जुलैमध्ये तांबडं पाणी असतं, आणि त्यात गाळ किती असा आकडा कुणी दिला की आधी एकच विचारायचं, सॅम्पल कुठनं आणि कधी घेतलं? लॅबमधला वजनकाटा सहसा एवढा चुकत नाही हो, मोठी चूक नदीवरच होते.

काठावरनं बादली बुडवून घेतलेलं पाणी धरू नका. बारीक माती वरपासून तळापर्यंत बऱ्यापैकी सारखी पसरते पण वाळू तळाकडे जास्त, म्हणून वरच्या पाण्यात ती कमीच सापडणार. पुलावरनं रुंदीत पाच-सहा जागी सॅम्पलर, म्हणजे बाटली बसवलेलं वजनदार साधन, एकाच वेगानं तळापर्यंत सोडून वर ओढायचा. बाटली काठोकाठ भरली तर ते सॅम्पल टाकून परत घ्या. प्रत्येक जागी लगेच दुसरी बाटलीपण घ्या, दोन्हींत फरक किती पडतो ते बघायला. पण दोन्ही सारख्या आल्या म्हणजे बरोबर असं नाही, पद्धतच चुकली असेल तर दोन्ही सारख्याच चुकतात.

लॅबमध्ये अख्खी बाटली फिल्टर करायची, थोडं पाणी ओतून घेतलं की वाळू बुडाशी राहते. मग १०५ अंशाला ओव्हनमध्ये वाळवा, डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा लागू न देणाऱ्या बंद भांड्यात, गार करा, वजन घ्या, आणि वजन हलायचं थांबेपर्यंत परत परत तेच. सोबत एक कोरा फिल्टर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरनं चालवा, त्याचं वजन बदललं तर तेवढी गडबड सगळ्याच सॅम्पलमध्ये आहे.

आता वेळ. पाणी चढताना बहुतेक वेळा जास्त गाळ येतो, उतरताना तेवढ्याच पाण्यात कमी, त्यामुळे ठरल्या वारी आठवड्यातनं एकदा सॅम्पल घेऊन वर्षाचा हिशोब केला तर रात्रीत येऊन गेलेला पूर त्यात येतच नाही, आणि वर्षाचा बराचसा गाळ तर पुरातच वाहतो!

समजा प्रवाह सेकंदाला २०० घनमीटर आणि गाळ लिटरला ५०० मिलिग्रॅम, तर २०० × ५०० × ०.०८६४ म्हणजे दिवसाला ८६४० टन (०.०८६४ नं सेकंदाचा हिशोब दिवसाचा आणि टनात होतो). सॅम्पल २० टक्के चुकलं की १७२८ टनांचा फरक.

पुढं सौंदत्तीजवळ नवीलुतीर्थ धरणात साठलेल्या गाळाच्या सर्व्हेशी हा हिशोब ताडून बघता येतो, फक्त तळाशी घरंगळत येणारी वाळू बाटलीत सापडत नाही, काही बारीक माती धरणातनं पुढं निघून जाते आणि मधल्या ओढ्यांचा गाळही त्यात येतो, तेव्हा दोन आकडे तंतोतंत जुळले तर उलट जास्त बारकाईनं बघा.