शस्त्रांचा साठा की हातातले कसब? बिकट काळाची तयारी कशी करावी

समाजव्यवस्था कोलमडण्याच्या भीतीने तयारीला लागलेल्या माणसाची नजर बहुधा आधी शस्त्रांकडे वळते. भीती अगदीच निराधार नसते. तयारीचा क्रम मात्र उलटा लागतो. शहरावर संकट येते तेव्हा आधी वीज जाते, विजेवाचून पाण्याचे पंप थांबतात, मग दुकानांतला माल संपतो आणि दवाखाने अपुरे पडू लागतात. माणसे एकमेकांच्या अंगावर धावून जाण्याची वेळ आलीच, तर ती बहुधा या सगळ्यानंतर येते. शिकण्याचा क्रमही असाच ठेवावा.

गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागले की गळ्याला, यावरून पुराचा अंदाज बांधणाऱ्या नाशिककरांना हे नव्याने सांगायला नको. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांत गोदाकाठाला गरज पडली ती दोर टाकता येणाऱ्याची, चिखल उपसणाऱ्याची आणि पंपाची भिजलेली मोटार उघडून पुन्हा चालू करणाऱ्याची. २०२० च्या टाळेबंदीत मुंबई-आग्रा महामार्गाने पायी निघालेल्या मजुरांना पाणी, भाकरी आणि पायात घालायला चपला हव्या होत्या. अगदी युद्धातले उदाहरण घ्यायचे तरी १९९२ ते १९९६ या काळात वेढ्यात सापडलेल्या बोस्नियातल्या सारायेव्होचे घ्यावे. तिथे सामान्य माणसाचा दिवस कॅन घेऊन पाण्याच्या रांगेत उभे राहण्यात आणि जळण गोळा करण्यात जात असे.

शस्त्रांबद्दल कायद्याची बाजूही आधीच समजून घ्यावी. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानाधारकालाही सर्वसाधारणपणे दोनच बंदुका ठेवता येतात. काडतुसांनाही मर्यादा असते. तलवारी-कोयते जमवणाऱ्यांवरही पोलीस गुन्हे दाखल करतात. शिवाय काडतूस एकदा उडाले की संपले, आणि घरातला साठा चोराला बोलावणेच धाडतो. माझ्या मते या वाटेला सामान्य कुटुंबाने जाऊच नये. पुढच्या गोष्टींतच वेळ आणि पैसा पुरेसा खर्ची पडतो.

आधी घराची चाचणी घ्या

एखाद्या शनिवारी सकाळी घराचा मुख्य व्हॉल्व्ह आणि मेन स्विच चोवीस तासांसाठी बंद करावा. घरात ऑक्सिजनवर असलेला रुग्ण किंवा फ्रिजमध्ये इन्सुलिन असेल, तर वीज चालू ठेवून फक्त पाण्याची चाचणी घ्यावी. जे जे अडले ते वहीत लिहावे. संध्याकाळपर्यंत बहुतेक घरांत तक्रार एकाच गोष्टीची असते, ती म्हणजे संडासाला पाणी नाही. ही यादी हाच आपला अभ्यासक्रम समजावा.

पाणी

आपत्तीच्या काळात पिणे, स्वयंपाक आणि स्वच्छता मिळून माणशी रोज किमान १५ लिटर पाणी धरतात. चौघांच्या घराला ६० लिटर. एवढे साठवणे दोन-तीन दिवसांपुरते शक्य आहे. त्यापुढे गढूळ पाणी पिण्याजोगे करता आले पाहिजे, आणि हे कौशल्य मी सगळ्यांत वर ठेवतो.

पाणी हंड्यात भरून तुरटीचा खडा त्यात थोडा वेळ गोल फिरवावा आणि खडा बाहेर काढून घ्यावा. तुरटी जास्त झाली की पाणी तुरट लागते. थोड्याच वेळात गाळाचे कण एकमेकांना चिकटून कापसाच्या पुंजक्यांसारखे दिसू लागतात आणि काही तासांत तळाशी बसतात. वरचे पाणी हंडा न हलवता काढून घ्यावे आणि सुती कापडाच्या चार पदरांतून गाळावे. हे पाणी स्वच्छ दिसते, पण जंतू त्यात असतातच. जळण असेल तर खळखळून उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट ते तसेच उकळू द्यावे. जळण नसेल तर क्लोरिन वापरावे. सुमारे ३३ टक्के क्लोरिन असलेली ताजी ब्लीचिंग पावडर १,००० लिटर नितळ पाण्याला अडीच ग्रॅम पुरते. पाणी वापरण्याआधी अर्धा ते एक तास थांबावे. घरगुती प्रमाणात एवढे बारीक वजन जमत नाही, म्हणून क्लोरिनच्या गोळ्या किंवा द्रावण घेऊन वेष्टनावरील प्रमाण पाळावे. उघडी राहिलेली पावडर निकामी होते, हे विसरू नये. गावातल्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरिन उरले आहे का हे तपासण्याची चाचणी, पाहून घ्यावी. चाचणीच्या नळीतले पाणी पिवळसर झाले म्हणजे क्लोरिन शिल्लक आहे.

पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत नितळ पाणी भरून सहा तास कडक उन्हात ठेवण्याची पद्धतही चांगली आहे. ढगाळ हवेत मात्र तिला दोन दिवस लागतात, त्यामुळे आषाढ-श्रावणात, म्हणजे नेमकी साथीची भीती असते तेव्हा, नाशकात तिच्यावर विसंबू नये.

प्रथमोपचार

हे वाचून येत नाही; प्रशिक्षकासमोर हातांनी करूनच येते. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे ‘आपदा मित्र’सारख्या प्रशिक्षणाची चौकशी करावी. वाहते रक्त स्वच्छ कापडाने सलग दाबून धरणे, आणि हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब देणे, हे घरातल्या निदान दोघांना आले पाहिजे. जुलाबावर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा, आणि मीठ जास्त नको. शहराच्या कडेला राहणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की, साप चावल्यास जखम कापू नये, करकचून बांधू नये, अंग न हलवता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे.

अन्न

साठवणीचे ज्ञान आपल्या आज्यांकडे आहे, ते त्यांच्याकडून वेळीच लिहून घ्यावे. धान्य कडक उन्हात वाळवल्यावर दाणा दाताखाली धरून पाहावा. तो दबला तर ओल बाकी आहे, ‘कट्ट’ वाजून फुटला तरच कोठीत भरावा. गव्हाला एरंडेल चोळणे, थरांमध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला घालणे हे उपाय आजही चालतात. कांद्याच्या बाबतीत तर आपला जिल्हाच गुरू आहे. लाल कांदा टिकत नाही. उन्हाळ कांदा घ्यावा आणि चाळीचे तत्त्व घरी वापरावे, म्हणजे कांदा जमिनीपासून उंच, खालून वारा खेळेल असा पसरावा आणि कोंब आलेला किंवा सडलेला वेळोवेळी निवडून काढावा. कुरडया, सांडगे, वाळवलेली मेथी हे त्यापुढचे धडे. चूल पेटवायला शिकावे, पण बंद खोलीत ती कधीही पेटवू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

दुरुस्ती आणि शेजार

घरातल्या प्रत्येकाने एकच काम नीट शिकावे: सायकलचे पंक्चर, शिवणकाम, नळाचे वॉशर, मोटारीची जोडणी. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले फिटर आणि वेल्डर जवळपास प्रत्येक कॉलनीत आहेत आणि विचारले तर आनंदाने शिकवतात. अर्जेंटिनात २००१ च्या सुमारास पैशाचे चलनवलन आटले तेव्हा लोकांनी अदलाबदलीचे क्लब चालवले. केस कापून देणाऱ्याला त्या बदल्यात पाव मिळत असे. ज्याला काही येत होते, त्याच्याकडे देण्यासारखे काही होते.

गल्लीतल्या कोणाला काय येते, कोणाकडे शिडी, दोर किंवा जनरेटर आहे, कोणत्या वाड्यात अजून पाण्याचा आड आहे आणि कोणाचे आजीआजोबा एकटे राहतात, याची वही करावी. ती कागदावरच असावी. मोबाइल बंद पडल्यावर मोबाइलमधल्या यादीचा उपयोग नाही.

संरक्षणाचा प्रश्नही याच वहीतून सुटतो. भक्कम कडी, जाळीचा दरवाजा, टॉर्च आणि शिट्टी एवढे प्रत्येक घरी ठेवावे आणि रात्रीच्या गस्तीच्या पाळ्या आधीच ठरवाव्यात. गस्तीवर दोघांपेक्षा कमी माणसे नसावीत. एक लांब शिट्टी म्हणजे ‘बाहेर येऊन पाहा’, तीन तुटक शिट्ट्या म्हणजे ‘सगळे या’, अशा खुणा ठरवून मुलांनाही त्या पाठ करायला लावाव्यात. अनोळखी माणूस दिसल्यास आधी त्याला पाणी हवे आहे का, हे विचारावे.