परसातल्या पक्ष्यांसाठी लाइव्ह कॅमेरा: घरट्यावर नको, पाण्यावर लावा

कॅमेरा कधीच घरट्यावर रोखू नका. जवळ काही हललं की बुलबुल अंडी टाकून निघून जाऊ शकतो, आणि आपली ये-जा पाहून कावळ्यालाही घरट्याचा पत्ता लागतो. त्यापेक्षा मातीचं पसरट भांडं ठेवा, पाणी जेमतेम दोन इंच. बुलबुल, दयाळ, साळुंक्या अंघोळीला येतात. उन्हाळ्यात तर भर दुपारीही. पाणी रोज बदला, डासांची अंडी होता कामा नयेत.

साधा वायफाय कॅमेरा पुरतो, पण अंतर नीट जमवा. फार जवळचं बऱ्याच कॅमेऱ्यांना धूसर दिसतं. भांड्याच्या काठावर काड्यापेटी ठेवून कॅमेरा मागेपुढे सरकवा. तिच्यावरची अक्षरं फोनवर वाचता आली की तिथेच पक्का करा. त्याचं तोंड शक्यतो उत्तरेकडे ठेवा. आपल्याकडे वर्षाचा बहुतेक काळ सूर्य दक्षिणेला कललेला असतो. तो समोर आला तर पक्षी नुसता काळा दिसेल.

राउटर भिंतीपलीकडे असेल तर वायफायचा २.४ गीगाहर्ट्झ बँड निवडा, तो लांब पोहोचतो. यूट्यूबवर दाखवायचं असेल तर पहिल्यांदा लाइव्ह सुरू व्हायला २४ तासांपर्यंत लागतात, आणि ७२० पिक्सेलच्या चित्राला साधारण ४ एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) अपलोडचा वेग हवा. माइक मात्र आठवणीने बंद करा, नाहीतर स्वयंपाकघरातलं बोलणं जगभर ऐकू जाईल.