कोकोपीटमधलं सिंगोनियम: शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा

सिंगोनियम या शोभेच्या झाडाचं लक्षण असं: जुनी पानं शिरांच्या मधून पिवळी, नवी वेडीवाकडी आणि कडेला तपकिरी. पाणी कमी केलं, कुंडी खिडकीशी सरकवली, १९:१९:१९ (नत्र-स्फुरद-पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) फवारलं. फरक शून्य, नुसता वैताग. १९:१९:१९ मध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियम नसतंच.

मॅग्नेशियमची कमतरता जुन्या पानांवर दिसते, कॅल्शियमची नव्यावर. दोन्ही एकदम दिसली की संशय कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशावर, घ्यायचा. कच्च्या भुशात पोटॅशियम-सोडियम भरलेलं असतं. ते सोडून तो कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून बसतो, मुळांना काही उरत नाही. बेळगाव-खानापूरकडे पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी झाडांना घालतात. त्यात क्षार जवळपास नसतात, म्हणून तेव्हा हे जास्त उठून दिसतं. बोअरच्या जड पाण्यावर बरंच झाकलं जातं.

लागू पडलं ते या क्रमाने. झाड काढून मुळांभोवतीचा सुटा भुसा झटकला. नवं कोकोपीट भिजवून निथळलं, पाणी चहासारखं गडद येणं थांबेपर्यंत. मग लिटरला ५ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर. सकाळी साध्या पाण्याने एकदा धुऊन, चौथा हिस्सा परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) मिसळून कुंडी भरली. आठवड्याने लिटरला १ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. दोन्हींची घट्ट द्रावणं एकत्र करू नका, तळाशी जिप्समचा पांढरा साका बसतो. पुढे पंधरवड्याने आलटून-पालटून, लिटरला १ ग्रॅमच.

तपकिरी झालेल्या कडा परत हिरव्या होत नाहीत. नवं पान सपाट येतंय का, तेवढं बघायचं.