५० मीटर ब्रेस्टस्ट्रोक: अडकलेलं टायमिंग कसं सोडवावं

सुरुवातीला ब्रेस्टस्ट्रोकचं टायमिंग भराभर खाली येतं आणि मग एका आकड्यावर ठाण मांडून बसतं. अशा वेळी बहुतेक जण हातपाय आणखी जोरात मारायला लागतात. दम जास्त लागतो, घड्याळ मात्र तेच दाखवतं. याचं कारण या स्ट्रोकच्या घडणीतच आहे. फ्रीस्टाइलमध्ये एक हात पाणी ओढत असताना दुसरा पुढे जात असतो, त्यामुळे वेग फारसा तुटत नाही. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये मात्र गुडघे वर घेताना दर वेळी वेग कोसळतो आणि पुढच्या किकने तो पुन्हा उभा करावा लागतो. त्यात पाण्याचा अडथळा वेगाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं असं, की जोर वाढवण्याआधी वेग कुठे गळतोय ते शोधा.

आधी नीट मोजा

चाचणी दर वेळी त्याच तलावात घ्या. २५ मीटरच्या तलावात मधला टर्न आणि त्यानंतरचा पुलआउट (भिंत सोडल्यावर पाण्याखालून घेतलेली एक ओढ आणि किक) मिळतो, त्यामुळे तिथलं टायमिंग सहसा कमी येतं. त्याची ५० मीटरच्या तलावाशी तुलना करून हुरळू नका आणि खचूही नका. आदल्या दिवशी हलका सराव ठेवा, वॉर्मअप करा आणि एकच ५० मीटर पूर्ण ताकदीने पोहा. मित्राला मोबाइल घेऊन काठावरून बरोबरीने चालत शूटिंग करायला सांगा. १५ मीटरची खूण म्हणून काठावर चपला ठेवल्या तरी चालतं. व्हिडिओवरून डोकं १५ आणि २५ मीटरला कधी पोहोचलं, शेवटचा स्पर्श कधी झाला आणि दोन्ही अर्ध्यांत किती स्ट्रोक लागले ते वहीत लिहा.

आता हिशोब. समजा ५० मीटरच्या तलावात तुमचं टायमिंग ४० सेकंद आहे. पहिले १५ मीटर ९.५ सेकंदांत, उरलेले ३५ मीटर ३०.५ सेकंदांत आणि त्यासाठी २६ स्ट्रोक. म्हणजे एका स्ट्रोकला सुमारे १.१७ सेकंद आणि एका स्ट्रोकमध्ये सुमारे १.३५ मीटर. हात भराभर चालवून तुम्ही स्ट्रोक १.१० सेकंदांवर आणला, पण पकड सुटून स्ट्रोक २८ झाले, तर ३०.८ सेकंद लागतील. दमछाक करून उलट हळू! तेच १.१० सेकंदांत २६ स्ट्रोकच राहिले तर २८.६. किंवा स्ट्रोक थोडा संथ, १.२२ सेकंदांचा, पण फक्त २४ लागले तर २९.३. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. दुसऱ्या अर्ध्यात स्ट्रोकची संख्या एकदम वाढत असेल तर स्ट्रोकच्या लांबीवर, म्हणजे एका स्ट्रोकमध्ये कापलेल्या अंतरावर, काम करा. संख्या टिकून आहे, पण हात पुढे गेल्यावर तुम्ही नुसतेच तरंगत राहत असाल, तर स्ट्रोकची गती वाढवा. आणि १५ मीटरलाच उशीर होत असेल, तर दोष पोहण्यात नसून डाइव्ह आणि पुलआउटमध्ये आहे.

किक दुरुस्त करा

सर्वात मोठी गळती इथे असते. व्हिडिओ बाजूने बघा आणि गुडघे पोटाखाली येतात का ते तपासा. येत असतील तर मांड्या पाण्याला आडव्या भिंतीसारख्या अडवतात. टाचा नितंबांकडे आणा, गुडघे फार पुढे आणू नका आणि दोन्ही गुडघ्यांत खांद्यांपेक्षा कमी अंतर ठेवा. मग पावलं बाहेर वळवून पाणी मागे रेटा आणि शेवटी पाय पूर्ण जुळवून बोटं ताणा. शेवटची ही जुळवणी घाईत सर्वात आधी सुटते.

यासाठी उताणं पडून, हात डोक्यामागे ताणून किक मारा. गुडघे पाण्याबाहेर दिसले तर चूक लगेच कळते. दुसरा सराव म्हणजे दोन किक आणि मग दोन्ही हातांची एक ओढ. गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं तर किकचा सराव तिथेच थांबवा. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये या जागेवर ताण येतो आणि दुखणं अंगावर काढलं तर ते चिघळतं.

हातांचं काम छोटं ठेवा: पंजे खांद्यांच्या मागे नेऊ नका, कोपर वर ठेवून आत आणा आणि तिथे न थांबता हात पुढे फेका. किक संपेल तेव्हा हात सरळ आणि डोकं दोन्ही दंडांच्या मध्ये असलं पाहिजे.

पुलआउटवर स्वतंत्र वेळ द्या

२००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये जपानच्या कोसुके किताजिमाच्या डॉल्फिन किकवरून (दोन्ही पाय जुळवून वरखाली मारलेल्या किकवरून) वाद झाला आणि त्यानंतर एका डॉल्फिन किकची मुभा नियमात आली. आज डाइव्हनंतर आणि प्रत्येक टर्ननंतर हात एकदा मांड्यांपर्यंत ओढता येतात आणि पहिल्या ब्रेस्टस्ट्रोक किकआधी एक डॉल्फिन किक मारता येते. दुसऱ्या स्ट्रोकमध्ये हात सर्वात रुंद होऊन आत वळण्याआधी डोकं पाण्याबाहेर यायला हवं. पाण्याखाली किती वेळ राहायचं हे मात्र प्रत्येकाचं वेगळं असतं. फार लवकर हात ओढले तर डाइव्हचा वेग वाया जातो. फार थांबलं तर तोच वेग पोहण्याच्या वेगाखाली येतो. तीन वेगवेगळ्या थांब्यांनी डाइव्ह मारून १५ मीटरची वेळ बघा आणि सर्वात कमी आकड्याचा थांबा पक्का करा.

डाइव्ह फक्त खोल बाजूने, तीही परवानगी असेल तरच. पाण्याखालचा सराव एकट्याने करू नका आणि त्याआधी भराभर खोल श्वास घेऊ नका. त्याने पाण्याखाली शुद्ध हरपू शकते.

खऱ्या वेगाचा सराव

रोज लॅपमागून लॅप मध्यम वेगात मारणारे पोहणारे मी फार बघतो. त्याने दम वाढतो, स्प्रिंट येत नाही. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, वेगासाठी ठेवा. त्यातल्या पहिल्या दिवशी ८ वेळा १५ मीटर पूर्ण वेगाने पोहा आणि दर दोन मिनिटांनी एक सुरू करा. मधली विश्रांती आळस वाटते, पण तीच कळीची आहे. वेळ घसरली किंवा स्ट्रोक वाढले की संच तिथेच संपवा. वेगाच्या दुसऱ्या दिवशी २५ मीटरचे चार, प्रत्येकानंतर तीन मिनिटं आराम. बाकीचे दिवस सावकाश आणि तंत्रावर. गर्दीच्या बॅचमध्ये ५० मीटर मोकळे मिळत नाहीत, पण भिंतीपासून १५ मीटर बहुतेक वेळा मिळतात.

शेवटच्या पाच मीटरचाही सराव करा, कारण अर्धा स्ट्रोक उरला की घोटाळा होतो. खिडक्या किंवा लेनच्या दोरीचे रंग बघून अंदाज बसवा आणि दोन्ही हात एकाच वेळी ताणून भिंतीला लावा. पॅरिस २०२४मध्ये १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं सुवर्ण निकोलो मार्टिनेंगीने ५९.०३ सेकंदांत घेतलं. ॲडम पीटी आणि निक फिंक दोघेही ५९.०५ सेकंदांवर होते, म्हणजे फरक फक्त दोन शतांश सेकंदांचा.

तीन आठवडे एकाच दुरुस्तीवर राहा. चौथ्या आठवड्यात सराव निम्मा करा आणि आठवड्याच्या अखेरीस तीच चाचणी पुन्हा घ्या. नवीन तंत्राने पहिल्या काही दिवसांत टायमिंग थोडं वाढलं तरी जुन्या सवयीकडे परतू नका. चौथ्या आठवड्याच्या चाचणीतही स्ट्रोकची संख्या आणि १५ मीटरची वेळ जागची हलली नसेल, तर वही आणि दोन्ही व्हिडिओ घेऊन एखाद्या प्रशिक्षकाकडे जा.